चढ-उतार खरा कोणता, नेहमीचा कोणता? – नियंत्रण आलेखाची ओळख





चाचणीचे गुण घरी पोहोचले की दुसऱ्याच दिवशी काही पालक शाळेत येतात. "सर, मागच्या वेळी २५ पैकी १९ होते, या वेळी १७ कसे?" वार्षिक सभेतही असेच होते. दहावीचा निकाल ९३ टक्क्यांवरून ८८ वर आला तर शिक्षकांना जाब विचारला जातो आणि पुढच्या वर्षी तो ८८ वरून ९३ वर गेला तर त्याच शिक्षकांना शाल-श्रीफळ मिळते. दोन्ही वेळा शिक्षक तेच, शिकवणेही तेच. मग बदलले काय?

कोणत्या चढ-उताराची दखल घ्यावी व कोणत्याची घेऊ नये, हे ठरवण्याचे एक शास्त्र आहे. कारखान्यांत ते शंभर वर्षांपासून वापरले जाते. त्याचे मुख्य साधन म्हणजे नियंत्रण आलेख. आपल्यापैकी अनेक पालक पीथमपूरच्या कारखान्यांत काम करतात, त्यांना हे नाव परिचित असेल. इतरांसाठी व विशेषतः नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे.

दोन प्रकारची कारणे

आई रोज त्याच पिठाच्या, त्याच तव्यावर पोळ्या करते. तरी दोन पोळ्या तंतोतंत सारख्या वजनाच्या होत नाहीत. गोळा कधी किंचित मोठा होतो, कधी पाणी चमचाभर जास्त पडते, कधी आच थोडी कमी असते. अशी लहान लहान कारणे रोजच असतात आणि त्यातले एकही वेगळे काढून दाखवता येत नाही. यांना सर्वसामान्य कारणे म्हणतात.

पण एखाद्या दिवशी सगळ्याच पोळ्या वातड झाल्या, तर काहीतरी निराळे घडले आहे. गिरणीतून दुसऱ्याचे पीठ आले असेल किंवा गहू बदलला असेल. हे विशेष कारण. ते शोधले तर सापडते आणि दूर करता येते.

ज्या कामात फक्त सर्वसामान्य कारणे उरली आहेत, ते काम स्थिर आहे असे म्हणतात. स्थिर म्हणजे न हलणारे नव्हे. ते हलते, पण ठरावीक हद्दीत हलते. ही हद्द काढण्याची रीत म्हणजेच नियंत्रण आलेख.

एका पानाची टिपणी

ही कल्पना अमेरिकेतील वॉल्टर शूहार्ट यांची. ते टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत होते. १६ मे १९२४ रोजी त्यांनी आपल्या वरिष्ठांना जेमतेम एका पानाची टिपणी दिली व तिच्यात एक आकृती काढून दाखवली. तोच पहिला नियंत्रण आलेख. १९३१ साली त्यांनी या विषयावर पूर्ण ग्रंथ लिहिला. पुढे एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानच्या उद्योजकांना व अभियंत्यांना हे शास्त्र शिकवले. जपानी मालाचा जगभर जो लौकिक झाला, त्यात या शिकवणीचा वाटा मोठा मानला जातो.

आपल्या देशाचा संबंधही जुना आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. या संस्थेच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले व त्यांनी येथील कारखानदारांना हा विषय समजावून दिला. महालनोबिस यांचा जन्मदिवस, २९ जून, हा २००७ पासून सांख्यिकी दिवस म्हणून साजरा होतो.

घरी करून पाहा

विद्यार्थी मित्रांनो, हा आलेख काढायला ग्राफचा कागद, पट्टी व साधे गणित पुरते. समजा, एका मुलाने घरून शाळेत सायकलने यायला किती मिनिटे लागतात ते दहा दिवस वहीत लिहिले:

२२, २४, २१, २५, २३, २२, २६, २३, २१, २३

पहिली पायरी: सरासरी काढा. बेरीज २३०, म्हणून सरासरी २३ मिनिटे. ही मध्यरेषा.

दुसरी पायरी: लागोपाठच्या दोन दिवसांतला फरक लिहा. अधिक-उणे चिन्ह सोडून द्या. २, ३, ४, २, १, ४, ३, २, २. या नऊ फरकांची बेरीज २३, सरासरी सुमारे २.५६.

तिसरी पायरी: या सरासरी फरकाला २.६६ ने गुणा. उत्तर सुमारे ६.८. हे सरासरीत मिळवले की वरची मर्यादा २९.८ आणि वजा केले की खालची मर्यादा १६.२.

२.६६ हा आकडा कोठून आला? ३ ला १.१२८ ने भागले की तो येतो. सरासरी फरकाला १.१२८ ने भागल्यास प्रमाण विचलनाचा अंदाज मिळतो आणि मर्यादा मध्यापासून तीन प्रमाण विचलनांवर आखायच्या असतात. (मी पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून शिकलो. तेथे यालाच मानक विचलन म्हणत. नावे दोन, वस्तू एकच.) आकडे घंटेच्या आकाराच्या प्रसिद्ध वक्राप्रमाणे पसरलेले असतील, तर नुसत्या योगायोगाने या मर्यादेबाहेर दहा हजारांत सुमारे २७ बिंदूच जातात. म्हणून बिंदू बाहेर गेला की काहीतरी घडले असे समजून चौकशी करायची.

आता अकराव्या दिवशी २७ मिनिटे लागली तर? आतापर्यंतच्या सर्व दिवसांपेक्षा जास्त, तरी मर्यादेच्या आत. काही विचारायची गरज नाही. बाराव्या दिवशी ३८ लागली तर मात्र विचारा. सायकल पंक्चर झाली असेल, रस्ता बंद असेल. कारण नक्की सापडेल.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. बिंदू मर्यादेच्या आतच आहेत, पण लागोपाठ आठ बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूला आले, तरीही काही बदलले आहे असे समजावे. नाणे आठ वेळा उडवून आठही वेळा छापा पडण्याची शक्यता २५६ मध्ये एक असते, त्यातलाच हा प्रकार. दहा दिवसांच्या नोंदी केवळ रीत समजण्यापुरत्या आहेत. प्रत्यक्षात वीस-पंचवीस नोंदी असाव्यात.

स्थिर आहे, पण पुरेसे आहे का?

वरच्या मुलाचा आलेख स्थिर आहे. पण तो घंटेच्या २५ मिनिटे आधी घरून निघत असेल तर? ज्या दिवशी २६ मिनिटे लागली, त्या दिवशी त्याला उशीर झाला. त्याला रोज रागावून उपयोग नाही, कारण विशेष असे काही घडलेलेच नाही. त्याचा नेहमीचा प्रवास ३० मिनिटांपर्यंत जाऊ शकतो. उपाय एकच: घंटेच्या ३० मिनिटे आधी निघणे, नाहीतर जवळचा रस्ता शोधणे. म्हणजे पद्धत बदलणे.

येथे दोन वेगळे प्रश्न आहेत. काम स्थिर आहे का, हे आलेख सांगतो. ते स्थिर काम आपली गरज भागवते का, याला क्षमता म्हणतात. नियंत्रण मर्यादा आकड्यांतूनच निघतात, आपल्या इच्छेने ठरत नाहीत. गरज मात्र बाहेरून येते. मुलाच्या बाबतीत ती शाळेच्या घंटेची आहे, कारखान्यात ती गिऱ्हाइकाच्या मापाची असते.

कारखान्यातले उदाहरण घेऊ. २० मिलिमीटर व्यासाचा दांडा हवा आहे आणि १९.९२ पासून २०.०८ पर्यंत चालते. म्हणजे मुभा ०.१६ मिलिमीटरची. यंत्राचे प्रमाण विचलन ०.०२ असेल, तर त्याच्या सहापट, म्हणजे ०.१२, हा यंत्राचा नेहमीचा पसारा. ०.१६ भागिले ०.१२ बरोबर १.३३. हा क्षमता निर्देशांक. तो १ पेक्षा कमी असेल तर काही माल नाकारला जाणारच. १.३३ किंवा अधिक असावा असा सर्वसाधारण संकेत आहे. अर्थात यंत्राचा मध्यही २० वर हवा. तो २०.०४ वर सरकला, तर पसारा तेवढाच राहूनही काही दांडे २०.०८ च्या पुढे जातील. आणि काम स्थिर नसेल, तर क्षमता मोजण्यालाच अर्थ नाही.

आता शाळेच्या निकालाकडे

समजा, एका शाळेत दरवर्षी दहावीला ६० विद्यार्थी बसतात व अनेक वर्षांची उत्तीर्णांची सरासरी ९० टक्के आहे. ०.९ गुणिले ०.१ भागिले ६०, याचे वर्गमूळ सुमारे ०.०३९. त्याच्या तिप्पट म्हणजे जवळजवळ १२ टक्के. म्हणून खालची मर्यादा सुमारे ७८ टक्के, वरची अर्थातच १००. आता ९३ वरून ८८ वर येणे म्हणजे काय ते पाहा. आधी ५६ मुले उत्तीर्ण झाली होती, या वर्षी ५३. तीन मुलांचा फरक. तो मर्यादेत इतका आत आहे की त्यावरून कोणा शिक्षकाला दोष देता येत नाही, तसेच ९३ झाल्यावर श्रेयही देता येत नाही.

डेमिंग हे एका खेळातून दाखवीत. एका डब्यात पांढरे व लाल मणी, त्यांत पाचवा हिस्सा लाल. 'कामगार' म्हणून आलेल्यांनी ५० खळग्यांची फळी डब्यात बुडवून मणी काढायचे. लाल मणी म्हणजे सदोष माल. कोणाकडे ७ लाल येत, कोणाकडे १३. डेमिंग गंभीर चेहऱ्याने कमी लालवाल्याचे कौतुक करीत व जास्त लालवाल्याला तंबी देत. पुढच्या फेरीत कौतुक झालेल्याकडेच जास्त लाल येत! गणिताने मर्यादा साधारण २ ते १८ निघतात, म्हणजे सर्व कामगार सारखेच. दोष डब्यातल्या मण्यांचा होता, आणि डबा तर मालकाने भरलेला. त्यावरून कामगाराला धरणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे.

मात्र याचा अर्थ 'सर्व काही ठीक आहे' असा कोणी घेऊ नये. वरच्या उदाहरणात दरवर्षी सरासरी सहा मुले नापास होतात. हे स्थिर आहे म्हणून चांगले नव्हे, उलट हेच अधिक गंभीर आहे. ती सहा मुले कोणा एकाच्या एका वर्षाच्या हयगयीमुळे नापास होत नसून रोजच्या पद्धतीमुळे होत आहेत. सहावी-सातवीत राहिलेला कच्चेपणा, मोठे वर्ग, घरी अभ्यासाला जागा नसणे, पुस्तके उशिरा मिळणे. हा डबा बदलणे शिक्षकांच्या एकट्याच्या हातात नाही. ते प्राचार्य, विश्वस्त व पालक यांनी मिळून करायचे काम आहे.

म्हणून चुका दोन प्रकारच्या होतात. नेहमीच्या चढ-उताराला विशेष समजून साप साप म्हणून भुई धोपटणे, ही एक. आणि खरोखर काही बिघडले असताना 'असे चालायचेच' म्हणून स्वस्थ बसणे, ही दुसरी. एखाद्या मुलाचे गुण एकाएकी खूप खाली आले किंवा चाचणीमागून चाचणी ते सरासरीच्या खालीच राहिले, तर अवश्य या, आपण बसून बोलू. चष्म्याचा नंबर वाढला असेल, घरात आजारपण असेल, मनात काही सलत असेल. पण १९ चे १७ झाले म्हणून मुलाला जेवताना बोलू नका. प्रश्नपत्रिका दर वेळी वेगळी असते, तेवढा फरक तिच्यातच असतो.

विद्यार्थ्यांनी वीस दिवस शाळेत यायला लागणाऱ्या वेळेचा, किंवा आवडीच्या दुसऱ्या कोणत्याही मोजमापाचा, आलेख काढून गणिताच्या शिक्षकांना दाखवावा. विश्वस्त मंडळींना विनंती, की निकालाची चर्चा गतवर्षाशी तुलना करून न करता दहा वर्षांचा आलेख समोर ठेवून करावी. मग आपली चर्चा 'या वर्षी कोण चुकले' येथून 'त्या सहा मुलांसाठी काय बदलायचे' येथे येईल.

आपला स्नेहांकित,
प्राचार्य