पुण्यातील देवांची टोपणनावे : '-या' प्रत्ययाच्या अंगाने एक विचार

पुण्याच्या जुन्या पेठांतून पत्ता विचारीत जाणाऱ्या परगावच्या माणसाला तेथील गल्ल्यांपेक्षाही अधिक चकित करतात ती तेथील देवांची नावे. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, सोट्या म्हसोबा, भांग्या मारुती, डुल्या मारुती, निवडुंग्या विठोबा, उंटाड्या मारुती आणि या सर्वांवर ताण करणारा खुन्या मुरलीधर. या नावांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ते बहुधा आख्यायिकांच्या अंगाने. प्रत्येक नावामागची गोष्ट सांगावयाची आणि पुणेकरांच्या विनोदबुद्धीला दाद देऊन थांबावयाचे, असा या लेखनाचा साधारण परिपाठ आहे. ही नावे कोणत्या शब्दसिद्धीने घडली आणि ती घडण नावाच्या इतिहासाविषयी काय सांगू शकते व काय सांगू शकत नाही, या प्रश्नाकडे मात्र भाषाभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. वास्तविक गोष्टींची पारख करावयाची तर आरंभ नावाच्या रूपापासूनच केला पाहिजे.

वरील नावांत सर्वत्र आढळणारा '-या' हा मराठीच्या रोजच्या व्यवहारातला प्रत्यय आहे. तो नामाला लागतो : दाढी–दाढ्या, ढेरी–ढेऱ्या, टक्कल–टकल्या. तो धातूला लागतो : रडणे–रड्या, आणि समासाच्या शेवटीही येतो : लाकूडतोड्या, नाकतोड्या. विशेषनामांना लागून तो राम्या, गणप्या, शंकऱ्या अशी रूपे सिद्ध करतो. शेवटच्या प्रकारात त्याची भावच्छटा दुहेरी असते. बरोबरीच्या मित्राने उच्चारला तर तो सलगीचा, वरच्याने खालच्यास लावला तर तुच्छतेचा. आदरार्थी बहुवचनाशी त्याचे जमत नाही. 'राम्या आले' असे कोणी म्हणत नाही. म्हटलेच तर थट्टेने.

असा हा प्रत्यय देवाच्या नावाशी यावा, यात नवल वाटण्यासारखे आहे खरे. पण मराठी माणूस देवाला 'तू' म्हणतो, हे ध्यानात घेतले म्हणजे नवल बरेचसे ओसरते. पासोड्या विठोबा किंवा सोट्या म्हसोबा या नावांत तर एक मौज आहे. उत्तरपदात '-बा' हा वडीलधाऱ्यांसाठी योजावयाचा आदरवाचक अंश आणि पूर्वपदात '-या' हा सलगीचा. एकाच नावात दोन्ही शेजारी शेजारी नांदतात आणि बोलणाऱ्याला त्यात विसंगती भासत नाही.

येथे एक व्याकरणविषयक अडचण उभी राहते. मराठीत शब्दाच्या शेवटी दिसणारा प्रत्येक '-या' हा साधक प्रत्ययच असतो असे नाही. 'जिलबी'चे अनेकवचन 'जिलब्या' होते आणि 'पासोडी'चे 'पासोड्या'. 'बटाटा', 'पत्रा', 'सोटा' या आकारान्त पुल्लिंगी नामांची सामान्यरूपे 'बटाट्या', 'पत्र्या', 'सोट्या' अशीच आहेत. तेव्हा शनिवारवाड्याजवळचा बटाट्या मारुती हा 'बटाट्यांजवळचा मारुती' या शब्दप्रयोगाचा संक्षेप आहे, की 'दाढ्या'सारखे ते खरोखरीचे टोपणनाव आहे? जिलब्या मारुती म्हणजे 'जिलब्या' आणि 'मारुती' ही नुसती शेजारी ठेवलेली दोन पदे आहेत काय? असे नुसते शेजार मराठीला अपरिचित नाही. पुण्यातच मोदी गणपती आणि माती गणपती आहेत.

या प्रश्नाचा उलगडा ज्या शब्दांत अशी द्व्यर्थता संभवतच नाही, त्यांच्या साहाय्याने करता येतो. 'खून' या नामाचे अनेकवचन 'खून' आणि सामान्यरूप 'खुना'. 'निवडुंग'चे सामान्यरूप 'निवडुंगा'. 'भांग' या शब्दाच्या विभक्तिरूपांतही 'भांग्या' कोठे आढळत नाही. म्हणजे खुन्या, निवडुंग्या, भांग्या ही रूपे साधक प्रत्ययाखेरीज सिद्धच होऊ शकत नाहीत. 'उंटाड्या'ची घडण आणखी एक पायरी पुढची दिसते. 'उंट'वरून सरळ 'उंट्या' न होता मध्ये '-आड' आला आहे. 'थोर'वरून 'थोराड' होतो त्याच जातीचा हा अंश असावा. एकदा असे निश्चित साचे भाषेत रुळले म्हणजे संदिग्ध रूपेही त्यांच्याच पंक्तीत ऐकली जातात. 'जिलब्या' हा शब्द ऐकणाराच्या कानी प्रथम मिठाईचे अनेकवचन म्हणून पडला असला तरी 'भांग्या', 'निवडुंग्या' यांच्या शेजारी तो मारुतीचे टोपणनाव होऊन बसतो. अशा साम्यबलाची उदाहरणे भाषेच्या इतिहासात विपुल आहेत. पण एका शहराच्या दोन-तीन पेठांच्या परिघात ते इतके स्पष्ट क्वचितच पाहावयास मिळते. निवडुंग्याच्या बाबतीत तर 'निवडुंग विठोबा' व 'निवडुंग्या विठोबा' अशी दोन्ही रूपे प्रचारात आहेत. संस्थेच्या वा पालखीच्या वृत्तान्तात पहिले, तर बोलण्यात दुसरे, अशी सर्वसाधारण प्रवृत्ती दिसते. संत तुकाराम महाराजांची पालखी पुणे मुक्कामी नाना पेठेतील याच मंदिरात उतरते, त्यामुळे हे नाव पुण्याबाहेरही पुष्कळांना परिचित आहे.

आता अर्थाकडे वळावयाचे. '-या' प्रत्यय दोन वस्तूंत संबंध आहे एवढेच सांगतो. तो संबंध कोणता, हे सांगत नाही. दाढ्याला दाढी असते, रड्या रडतो. पण जिलब्या मारुती जिलब्या करीत नाही. त्याला जिलब्यांची माळ घालीत म्हणून, किंवा शेजारी हलवायाचे दुकान होते म्हणून, तो जिलब्या झाला असे सांगतात. निवडुंग्या विठोबाची मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली, उंटाड्या मारुतीपाशी उंटांचा तळ असे, पासोड्या विठोबासमोर पासोड्यांचा बाजार भरे, अशा समजुती आहेत. धारण करणे, करणे, जवळ असणे, मध्ये सापडणे, समोर विकले जाणे हे सारे संबंध एकाच प्रत्ययाने व्यक्त होतात. प्रत्ययाच्या या मोघमपणामुळेच प्रत्येक नावाला दोन-दोन, तीन-तीन गोष्टी चिकटू शकतात आणि व्याकरण त्यांपैकी एकीलाही हरकत घेत नाही.

डुल्या मारुतीचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा संहार झाला तेव्हा ही मूर्ती दुःखाने डुलू लागली, अशी आख्यायिका आहे. 'डुलणे'पासून 'डुल्या' हे 'रडणे'पासून 'रड्या'सारखेच बिनतक्रार सिद्ध होते. पण कानातील 'डूल' या नामापासूनही 'डुल्या' हेच रूप होईल. भांग्या मारुतीच्या बाबतीत भांग पिण्याची की केसांतली, असा प्रश्न केवळ रूपाकडे पाहणारास पडू शकतो. परिसरात भांग विकली जात असे, या समजुतीने त्याचे उत्तर मिळते, शब्दसिद्धीने नव्हे.

खुन्या मुरलीधराच्या नावात हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही. सदाशिव पेठेतील हे मंदिर सदाशिव रघुनाथ ऊर्फ दादा गद्रे या सावकाराने १७९७ साली बांधले. मूर्तीच्या प्रतिष्ठेच्या प्रसंगी बंदोबस्तावरील अरब शिपाई आणि एका इंग्रज अधिकाऱ्याची पलटण यांच्यात चकमक उडून रक्तपात झाला, त्यावरून मुरलीधर 'खुन्या' झाला, अशी जुनी हकीकत आहे. परंतु ८ फेब्रुवारी १८९९ रोजी याच परिसरात द्रविड बंधूंवर गोळ्या झाडल्या गेल्या. चापेकरांची माहिती सरकारास पुरविल्याबद्दल वासुदेव चापेकर व महादेव रानडे यांनी घेतलेला तो सूड होता. तेव्हापासून नावाचा संबंध या दुसऱ्या घटनेशी जोडणारेही पुष्कळ निघाले. पुण्याचा इतिहास सांगणारे बहुधा पहिली हकीकत ग्राह्य धरतात आणि तेच सयुक्तिक दिसते. पण नावाच्या रूपातून एवढेच निष्पन्न होते की, देवाचा कोणत्या तरी खुनाशी संबंध जोडला गेला. खून करणाऱ्याला मराठीत 'खुनी' हा रूढ शब्द असताना 'खुन्या' हे वेगळे रूप योजले गेले, यावरून देव खून करणारा आहे असा अर्थ बोलणाराला अभिप्रेत नव्हता, असेही म्हणता येईल. याउपर निर्णय कागदांनीच करावयाचा. १८९९ पूर्वीच्या एखाद्या खतात, पत्रात वा हिशेबाच्या वहीत हे नाव आले, की दुसरी व्युत्पत्ती आपोआप बाद होते. शंभर आख्यायिकांपेक्षा अशा एका नोंदीचे वजन अधिक.

कागद नसले तरी शब्दांवरून काळाची एखादी मर्यादा लावता येते. 'बटाटा' हा मराठीने पोर्तुगिजांपासून घेतलेला शब्द. शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात पुण्याची भाजीमंडई भरत असे. ती १८८६ साली रे मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या, इमारतीत गेली. बटाट्या मारुतीच्या नावाचा संबंध त्या जुन्या मंडईशी असेल, तर ते १८८६ च्या आधीचे असावे. बाजार उठून गेल्यावर असे नाव नव्याने पडण्याचे कारण नाही. नारायण पेठेतील पत्र्या मारुतीचे उलट आहे. पत्र्याच्या छपरावरून ते नाव पडले असे मानल्यास ते पेशवाईतील असणे कठीण, कारण छपराचे लोखंडी पत्रे येथे इंग्रजी अमलातच प्रचारात आले. ही अनुमाने सशर्त आहेत. तथापि त्यांची परीक्षा घेता येते. मूर्ती डुलली की नाही याची घेता येत नाही.

काही नावांत शब्दच अपारदर्शक होत चालले आहेत. पासोडी म्हणजे जाड्याभरड्या सुताचे पांघरूण. अंबाजोगाईस दासोपंतांनी ज्या सुमारे चाळीस फूट लांब व चार फूट रुंद वस्त्रावर 'पंचीकरण' लिहिले, तेही 'दासोपंतांची पासोडी' म्हणूनच ओळखले जाते. आज शहरी मराठीत हा शब्द या दोन जागांपुरताच उरला आहे म्हटले तरी चालेल. भिकारदास मारुतीच्या नावात याहून वेगळा अपभ्रम होतो. भिकारदास हे एका सावकाराचे नाव. पण ऐकणाराला त्यात भिकाऱ्यांची रांग दिसू लागते. जे नाव व्यक्तीचे आहे ते वर्णनाचे समजले जाते, आणि एखादे वर्णनाचे नाव व्यक्तीचे. मोदी गणपतीही असाच खुश्रुशेट मोदी या पारशी गृहस्थाच्या बागेवरून ओळखला जाऊ लागला.

ही नावे कोणत्या देवांना मिळाली, याचाही हिशेब पाहण्याजोगा आहे. सर्वांत मोठा वाटा मारुतीचा. त्याची देवळे लहान, रस्त्याच्या कडेची, झाडाखालची. एका पेठेत चार-चार. नुसते 'मारुतीजवळ' म्हणून पत्ता लागणार नाही, म्हणून भेददर्शक विशेषणाची गरज तेथे सर्वाधिक. महादेवाची राजाश्रयाने उभी राहिलेली देवळे ओंकारेश्वर, अमृतेश्वर, देवदेवेश्वर अशी संस्कृत नावे मिरवितात. तुळशीबाग, बेलबाग येथे बागेचेच नाव पुरले. मात्र यावरून थोरांच्या देवळांना संस्कृत नाव आणि गरिबांच्या देवळांना '-या', असा सरळ नियम बांधता येत नाही. खुन्या मुरलीधर एका धनाढ्य सावकाराने बांधलेला. त्यालाही रस्त्याने आपले नाव दिलेच. देऊळ कोण बांधतो याने नाव ठरत नाही. पत्ता कोण सांगतो याने ठरते.

देवींना हा प्रत्यय लागत नाही, ही गोष्ट विशेष. पुण्यात तांबडी, काळी आणि पिवळी अशा तीन जोगेश्वऱ्या आहेत. तेथे भेद रंगाने केला आहे आणि तो साध्या विकारी विशेषणाने : 'तांबडी जोगेश्वरी', पण 'तांबड्या जोगेश्वरीपाशी'. '-या' हा पुल्लिंगी प्रत्यय आहे, हे त्याचे एक कारण झाले. परंतु त्याचे स्त्रीलिंगी प्रतिरूप मराठीत असूनही 'जिलबी जोगेश्वरी'सारखे काही घडले नाही. देवीशी सलगी करावयाची नाही, असा एक अलिखित संकेत त्यामागे असणे शक्य आहे. नाशिकची नावे तुलनेला घेण्यासारखी आहेत. तेथील काळाराम-गोराराम ही जोडी जोगेश्वरीच्या जातीची, तर गोदावरीच्या पात्रातील दुतोंड्या मारुती पुण्याच्या मारुतींचा सोयरा. मात्र दुतोंड्याचे नाव मूर्तीच्या अंगच्या लक्षणावरून पडले आहे, आणि पुण्याची नावे बहुतांशी मूर्तीच्या भोवतालावरून.

या भोवतालातील उंट, निवडुंग आणि पासोड्यांचा बाजार आता उरलेला नाही. त्यांची साक्ष नावातच आहे. म्हणूनच ही नावे असभ्य समजून झाकण्याची जी प्रवृत्ती अधूनमधून दिसते, ती अभ्यासाच्या दृष्टीने घातक आहे. 'श्री' लावण्याने बिघडत नाही. 'श्री जिलब्या मारुती' म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही, आणि तेथील गणेशोत्सव मंडळ ते नाव अभिमानाने मिरविते. पण टोपणनाव गाळून नुसते 'श्री मारुती मंदिर' लिहिले, की एक पुरावा नाहीसा होतो. उलट बाजूने, आख्यायिका इतिहास म्हणून फलकावर कोरली जाणे हेही तितकेच हानिकारक. एकदा दगडावर चढलेली गोष्ट पुढच्या माहितीदारांच्या तोंडून पुरावा म्हणूनच परत येते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे काम पुष्कळ आहे. नाव विचारताना गोष्ट आधी विचारू नये. नाव वाक्यात कसे चालते ते आधी टिपावे. उत्तरपद गाळून माहितीदार 'जिलब्यापाशी' म्हणतो की 'जिलब्यांपाशी', या एका अनुस्वारावरून त्याच्या मनात टोपणनाव आहे की मिठाईचे अनेकवचन, हे कळून येईल. माहितीदाराचे वय, पेठ आणि तेथील वास्तव्याची वर्षे प्रत्येक नोंदीबरोबर लिहावीत. एकाच देवाच्या दोन गोष्टी मिळाल्या तर त्यांतील एक निवडू नये. दोन्ही, कोणाकडून मिळाल्या त्यासह, उतरून घ्याव्यात.