इंजिनवर चालणारा हवेचा कॉम्प्रेसर : गाडीत बसवून देण्याचा धंदा करायचा का?



मागच्या व्हिडिओत आपण एका जुन्या फोर-बाय-फोर गाडीच्या बॉनेटखाली बसवलेला कॉम्प्रेसर पाहिला. तेव्हापासून एकच प्रश्न येतोय, "सर, हे काम मी माझ्या गॅरेजमध्ये सुरू केलं तर किती सुटतील?" सुटतील किती ते सांगतो, पण आधी बुडतात कसे ते ऐका.

वस्तू काही नवीन नाही. एसटी थांबते तेव्हा 'फुस्स' असा आवाज येतो ना, ती एअर ब्रेकची हवा. ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवरच चालतो. मग छोट्या गाडीत तो वेगळा का बसवायचा? तर वाळूत, चिखलात गाडी घालताना टायरची हवा कमी करतात. 32 पीएसआयचा टायर 15 वर आणला की तो जमिनीवर पसरतो आणि रुतत नाही. पण डांबरी रस्त्याला लागायच्या आधी हवा पुन्हा भरावीच लागते, आणि तिथे जवळपास पंक्चरचं दुकान नसतं.

आता तुम्ही म्हणाल, लायटरच्या सॉकेटला लावायचा पंप हजार-दोन हजारात मिळतो की! मिळतो. हिशोब करू. 16 इंची रिमचा मोठा टायर 15 वरून 32 पीएसआयवर न्यायला साधारण 75 लिटर हवा लागते, म्हणजे चार टायरना 300 लिटर. छोटा पंप मिनिटाला 30 लिटर देतो असं धरलं तरी दहा मिनिटं झाली. प्रत्यक्षात दाब वाढला की पंप दमतो, तापतो, त्याला थांबवावं लागतं. बॅटरीवरचा मोठा पंप 30 अँपिअर खाऊनही जेमतेम अर्ध्या हॉर्सपॉवरचं काम करतो. इंजिनकडे मात्र ताकद पडून आहे. 138 सीसीचा एसी कॉम्प्रेसर 1500 आरपीएमला फिरवला तर कागदावर मिनिटाला 200 लिटर हवा ओढतो. हाती निम्मी पडली तरी चार टायर तीन-चार मिनिटांत होतात. म्हणून गिऱ्हाईक 'किती पीएसआय?' विचारतो तेव्हा तुम्ही 'मिनिटाला किती लिटर?' हे समजावून सांगा. दाब सगळेच पंप दाखवतात.

तर बहुतेक जण काय करतात? भंगार बाजारातून गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर आणतात, लेथवाल्याकडून ब्रॅकेट करून घेतात, क्रँक पुलीवरून पट्टा फिरवतात. क्लच आयता असतो, बटण दाबलं की चालू. (क्लच नसलेले नवीन कॉम्प्रेसर घेऊ नका, ते या कामाचे नाहीत.) गाडीचा मूळ एसी तसाच ठेवून हा दुसरा बसवायचा. एसी काढतो म्हणालात तर आपल्या उन्हाळ्यात गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल.

आणि इथेच आपल्या बॅचमधला एक मुलगा फसला. हात चांगला, ब्रॅकेट सुबक, पहिल्या महिन्यात तीन गाड्या केल्या. तिसऱ्या महिन्यात पहिल्या गाडीचा कॉम्प्रेसर जाम झाला, पट्टा जळाला आणि मालक डोंगरात चार बसलेल्या टायरांसह अडकला. कारण साधं होतं. एसीच्या कॉम्प्रेसरला तेल मिळतं ते गॅसबरोबर फिरणारं. तुम्ही गॅस काढून साधी हवा ओढायला लावलीत, की तेल हवेबरोबर बाहेर जातं आणि परत येत नाही. अमेरिकेतले जीपवाले यासाठी जुन्या गाड्यांमधला यॉर्कचा कॉम्प्रेसर शोधत फिरायचे, कारण त्याला स्वतःची तेलाची टाकी असते. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या हेडना ती नसते. म्हणून हवा आत जाते त्या बाजूला एअर फिल्टर आणि थेंब थेंब तेल देणारा लुब्रिकेटर लागतो, आणि बाहेरच्या बाजूला तेल अडवणारा सेपरेटर. हे दोन्ही न लावता किंमत कमी सांगणारा फिटर तुमच्या गावात असेलच. त्याच्याशी किमतीत लढू नका.

त्या मुलाचा हिशोब बघा. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या बाजारात स्वतः फिरून बदला. हेड 3,500, ब्रॅकेट-पुली 4,000, टाकी 3,000, स्विच, व्हॉल्व्ह, फिल्टर 5,000, होज 3,000. झाले 18,500. घेतले 24,000. दोन दिवसांच्या कामाचे 5,500 सुटले म्हणून खूश. एक हेड फुकट बदलून दिलं, वर येण्याजाण्याचं डिझेल आणि एक दिवस गेला, की त्या गाडीचे पैसे संपले. तीनपैकी दोन गाड्या परत आल्या. त्याने दुकान बंद केलं नाही, पण घरून घेतलेले पैसे फेडायला त्याला पुढचं वर्ष लागलं.

आता टाकी. इथे मी हात जोडून सांगतो, जुना गॅस सिलिंडर कापून-वेल्ड करून टाकी बनवू नका. ट्रकच्या एअर ब्रेकची टाकी घ्या, ती याच दाबासाठी बनलेली असते. प्रेशर स्विच 110 ला बंद आणि 80 ला चालू होईल असा लावा. स्विच चिकटला तर वाचवणारा सेफ्टी व्हॉल्व्ह थेट टाकीवर बसवा, मध्ये कॉक नको. हेडमधून निघणारी हवा चटका देण्याइतकी गरम असते, म्हणून पहिला तुकडा तारेच्या जाळीचा होज हवा. पीव्हीसीचा पाइप तर कुठेच नको. टाकीच्या तळाला पाणी सोडायचा कॉक द्या. कोकणात पावसाळ्यात रोज पाणी निघेल.

कागदाचंही बघा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून चेसिस कापायची नाही, टाकी बाहेर काढायची नाही, सगळं नट-बोल्टवर. वॉरंटीतली गाडी असेल तर वॉरंटीला अडचण येऊ शकते, हे जॉब कार्डवर लिहून गिऱ्हाइकाची सही घ्या.

मग धंदा कुठे आहे? माझं मत स्पष्ट आहे. हौशी थारवाला ही हवा वर्षातून चार-पाच वेळा वापरेल आणि किमतीवरून तुमच्याशी घासाघीस करेल. पण ज्याला रोज हवा लागते तो? ऊस हंगामात ट्रॉलीचा टायर फडात बसला की मुकादम फोन लावतो. चिखलातून तिथपर्यंत पोचणारी फोर-बाय-फोर पिकअप, तिच्यात इंजिनवरचा कॉम्प्रेसर आणि मोठी टाकी असेल, तर तो पंक्चरवाला दुकानाबाहेर कमावतो. टाकी त्याला दाबापेक्षा वेगळ्याच कारणाने लागते. ट्यूबलेस टायर रिमवर बसवताना एका झटक्यात भरपूर हवा सोडावी लागते, छोट्या पंपाला ते जमत नाही. असा गिऱ्हाईक जास्त पैसे देतो आणि सर्व्हिसलाही येतो. दर तीन महिन्यांनी पट्टा, तेल, फिल्टर, सेफ्टी व्हॉल्व्हची तपासणी असा वर्षाचा करार बसवतानाच करून घ्या. आपल्या त्या मुलाची गाडी रुळावर आली ती याच करारांवर.

त्याला एक गोष्ट मात्र बजावा. रिंग लावलेली, तुकड्यांची रिम असेल तर हवा भरताना समोर उभं राहायचं नाही. लांब होज, क्लिप लावायचा नोझल आणि टायरला पिंजरा.

या आठवड्याचं काम : तुमच्या तालुक्यातल्या पाच पंक्चरवाल्यांकडे जा. विकायला नाही, विचारायला. "दुकानाबाहेरचे किती फोन येतात, आणि त्यातले किती तुम्ही सोडता?" एवढंच विचारा आणि वहीत लिहा. पाचातल्या दोघांनी जरी आठवड्याला तीन-चार फोन सोडतो असं सांगितलं, तर लेथवाल्याकडे ब्रॅकेटचं माप घेऊन जा. नाही सांगितलं तर ते 18,500 खिशातच राहू द्या.