टिकाऊ निकेल, बिघडलेला सिग्नल

वेल्ह्यात आणि भोरच्या पश्चिमेला, वरंधा घाटाच्या अंगाला, मोबाइलच्या मनोऱ्यावरचा प्रत्येक धातूचा भाग पावसाळाभर ओल्या हवेत असतो. अशा ठिकाणी केबलच्या पितळी कनेक्टरवर निकेलचा मुलामा हवा, असे सहज वाटेल. निकेल कडक असते, स्वस्त पडते आणि लवकर गंजत नाही. तरीही रेडिओ लहरींचा प्रवाह ज्या पृष्ठभागावरून जातो तिथे ते नकोच, असे माझे ठाम मत आहे. वारंवारिता वाढत जाते तसा प्रवाह धातूच्या गाभ्यातून उठून पृष्ठभागाला चिकटतो. घरच्या ५० हर्ट्झ विजेसाठी तांब्यात या प्रवाहाच्या थराची खोली सुमारे ९ मिलिमीटर असते. ९०० मेगाहर्ट्झला जेमतेम २ मायक्रॉन. आतले पितळ मग केवळ आधारापुरते, खरा वाहक मुलामाच. निकेलचा विद्युतरोध तांब्याच्या चौपट असतो, शिवाय ते चुंबकीय असल्याने प्रवाह आणखी पातळ थरात कोंडला जातो.

इंचभर कनेक्टरमध्ये होणारी घट ती केवढी, हा आक्षेप रास्त आहे. पण दुखणे घटीचे नाही. चुंबकीय धातूतून दोन जोरकस सिग्नल एकत्र गेले की त्यांच्या मिश्रणातून तिसराच जन्मतो. एकाच केबलमधून ९३५ आणि ९६० मेगाहर्ट्झ गेले, तर ९३५ची दुप्पट वजा ९६०, म्हणजे ९१० मेगाहर्ट्झवर खरखर उमटते. आणि ८९० ते ९१५ हा पट्टा फोनकडून मनोऱ्याकडे येणाऱ्या सिग्नलचा आहे. तोरण्याच्या पायथ्याशी, डोंगराआडच्या वाडीतून येणारा सिग्नल मुळातच क्षीण. शहरात जवळचा दुसरा मनोरा तो उचलून घेतो. इथे तो या खरखरीत बुडतो.

चांदी सर्वांत उत्तम वाहक, पण गंधकाने काळी पडते. हा काळा थर अगदी पातळ असतो, प्रवाह त्याच्याखालच्या चांदीतून जातो. म्हणून बंद फिल्टरच्या आत चांदीच घ्यावी. उघड्यावरच्या कनेक्टरला मात्र तांबे, कथील आणि जस्त यांचा व्हाइट ब्राँझ अधिक योग्य. चांदीइतका तो वाहक नाही, पण चुंबकीय नाही आणि काळाही पडत नाही. सोन्याची चमक इथे फसवी ठरू शकते: सोने बहुधा मायक्रॉनच्या अंशाइतकेच चढवतात आणि खाली निकेल असते, त्यामुळे प्रवाह पुन्हा निकेलातच. खरेदी करताना वरच्या थराइतकीच खालच्या थराचीही चौकशी करावी. बाहेरच्या आवळायच्या नटातून हा प्रवाह जात नाही, तिथे निकेल खुशाल असू द्या. मात्र सांध्यात शिरणारे पाणी कोणताच मुलामा अडवत नाही. त्यासाठी रबरी टेप घट्ट गुंडाळावीच लागते.