शिसपेन्सिल शिसें शोधते

सदाशिव पेठेंत कित्येक घरीं तांब्यापितळेचीं भांडीं अद्यापि आहेत. कल्हईच्या कथलांत स्वस्त शिसें मिसळलें असल्यास आंबट आमटींत तें उतरतें व मुलांच्या मेंदूस अपाय करितें. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत लिटरास ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक शिसें नसावें. एवढासा अंश जिभेस कसा कळणार?

विजेच्या साहाय्यानें असे अंश ओळखण्याची वाट १९२२ सालीं प्राग येथें हेरॉव्स्की यांनीं पाऱ्याच्या थेंबानें दाखविली. परंतु पारा स्वतःच विषारी! आतां शिसपेन्सिलहि चालते. नांव शिशाचें, पण आंत शिसें मुळींच नाहीं. असतो तो ग्राफाइट, म्हणजे कार्बन. तिचें टोंक नमुन्यांत बुडवून विद्युद्दाब ऋण ठेविला, म्हणजे विरघळलेलें शिसें त्यावर जमत जातें. पुढें दाब धनाकडे नेतांच तें सुटतें, आणि त्या वेळीं प्रवाहानें घेतलेल्या उसळीवरून प्रमाण काढितात. कॅडमियम निराळ्या दाबास सुटतें, त्यामुळें दोहोंचा घोटाळा होत नाहीं.