प्रेशर नाही, मग धोका कसला?

इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये स्टेंटरवर कापड सुकवायला अनेकदा थर्मिक फ्लुइड हीटरची उष्णता वापरतात. पंप भट्टीतल्या कॉइलमधून तेल फिरवतो, ते अडीचशे-पावणेतीनशे अंशांवर तापतं आणि मशीनला उष्णता देऊन परत येतं. बॉयलरमधलं पाणी 300 अंशांवर न्यायचं तर सुमारे 86 बार दाब सोसावा लागतो; तेलाला पंपाचा दाब पुरतो. ‘प्रेशरच नाही, मग फुटणार काय?’ हा समज इथूनच येतो. त्यात वाफ होत नसल्याने कायद्याच्या लेखी हा बॉयलरही नाही, त्यामुळे निर्धास्तपणा आणखी वाढतो.

फुटत नसेल, पण पेटतं. या खनिज तेलाचा फ्लॅश पॉइंट साधारण 200 अंशांच्या आसपास, म्हणजे तेल रोजच त्याच्या वर तापलेलं असतं. पाइपात हवा नाही म्हणून पेटत नाही, इतकंच. फ्लँजमधून झिरपलेलं तेल पाइपावरच्या लॅगिंगच्या रॉकवूलमध्ये मुरलं की ठिणगी न पडताही आतल्या आत धुमसू लागतं. लॅगिंगवरचा काळा ओला डाग पुसून भागत नाही. गळती काढायची आणि भिजलेलं लॅगिंग फेकून द्यायचं.

‘बटण दाबलं की हीटर बंद’ हेही अर्धंच खरं. लाकूड किंवा ब्रिकेटची आग बटणाने विझत नाही. वीज जाऊन पंप थांबला तर कॉइलमधलं तेल नळीच्या भिंतीला लागून करपतं, कार्बनचा थर बसतो, थराखालची नळी तापत जाते आणि एक दिवस भोक पडून तेल थेट भट्टीत. म्हणून जनरेटर किंवा डिझेलवरचा पंप हवा. रोजच्या बंदनंतरही तेल शंभर अंशांच्या खाली येईपर्यंत फिरतं ठेवावं.

‘तेलात थोडंसं पाणी राहिलं तर काय होतं?’ एक लिटर पाण्याची सोळाशे-सतराशे लिटर वाफ होते, आणि एक्स्पान्शन टँकमधून गरम तेल उसळून बाहेर पडतं. नवीन तेल भरल्यावर 100 ते 120 अंशांवर रेंगाळत ठेवतात ते यासाठीच. तेल जन्मभर टिकतं असंही नाही. वर्षातून एकदा तरी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

प्रवाह कमी झाला की बर्नर तोडणारा डीपी स्विच ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून त्याला वायर मारून ठेवणारे महाभाग आहेत. ट्रिप होतो कारण फिल्टर तुंबलेला असतो किंवा पंप थकलेला असतो. तुमच्या पॅनलमध्ये असा वायरचा तुकडा दिसला, तर पुढची शिफ्ट सुरू होण्याआधी तो काढा.