धूर दिसला की खिडकीपाशी जाऊ नका

१४ एप्रिल ही तारीख आपल्या घराघरात पाठ आहे. याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा दिनही पाळला जातो, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्यासोबत कापसाच्या गासड्या भरल्या होत्या. स्फोटके असलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो. या जहाजावर तो नव्हता. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. गोदीतले कामगार आणि आसपासच्या वस्तीतली माणसे धरून शेकडो जीव गेले.

आत काय भरले आहे, हे बाहेरच्या माणसाला कोणी सांगितले नव्हते. मोठ्या स्फोटांच्या हकीकती वाचताना हे वाक्य पुन्हा पुन्हा समोर येते. अमेरिकेतल्या टेक्सास सिटी बंदरात १६ एप्रिल १९४७ रोजी अमोनियम नायट्रेट या खताने भरलेले जहाज पेटले. नारिंगी धूर पाहायला लोक धक्क्यावर जमले. तासाभराने जहाज फुटले आणि किमान ५८१ माणसे मेली. बैरूतच्या बंदरात तेच रसायन, २,७५० टन, सहा वर्षे एका गोदामात पडून होते. ४ ऑगस्ट २०२० रोजी तिथे आग लागली, तेव्हा दहा जणांचे अग्निशमन पथक पाठवले गेले. गोदामात काय आहे याची त्यांना कल्पना नव्हती. त्या दहापैकी एकही परतला नाही. शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली, सहा हजारांहून अधिक जखमी झाली. बंदराजवळच्या एका रुग्णालयात आमच्याच पेशातल्या चार परिचारिका ड्यूटीवर असताना गेल्या.

आपल्याकडे डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ असे दोन मोठे स्फोट झाले. दोन्ही वेळा कारखान्याबाहेरच्या इमारतींच्या काचा फुटल्या आणि रस्त्यावरची, घरातली माणसे जखमी झाली.

शरीरात काय होते

आम्ही बरीच वर्षे कॅज्युअल्टीत ड्यूटी केली. स्फोटानंतर येणारा रुग्ण भाजलेलाच असणार, असे सुरुवातीला आम्हालाही वाटायचे. प्रत्यक्षात काचेने कापलेली माणसे जास्त यायची. विचारले की उत्तर ठरलेले, “सिस्टर, काय झालं ते बघायला खिडकीत गेले होते.”

कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात ६ डिसेंबर १९१७ रोजी हेच घडले. टक्कर होऊन पेटलेले दारूगोळ्याचे जहाज सुमारे वीस मिनिटे जळत होते. लोक आणि शाळकरी मुले खिडक्यांच्या काचांना चेहरा लावून पाहत होती. स्फोटात सुमारे १,८०० माणसे मेली, ९,००० जखमी झाली. काचा डोळ्यांत घुसल्याने डॉक्टरांना जवळपास अडीचशे डोळे काढावे लागले.

स्फोट म्हणजे क्षणात तयार झालेला प्रचंड वायू आणि उष्णता. त्याने हवेचा दाब एकदम वाढतो आणि ती लाट चहूकडे पसरते. शरीरात जिथे हवा असते तिथे तिचा मार जास्त बसतो: कानाचा पडदा, फुप्फुसे, आतडी. म्हणून अंगावर ओरखडाही नसलेला माणूस काही तासांनी धाप लागून किंवा पोट दुखून खालावू शकतो. चमक आधी दिसते, दाब मागून येतो. लांबवर त्याला एका किलोमीटरला सुमारे तीन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात जमिनीवर पालथे पडून डोके हातांनी झाकता येते.

काय करावे

• कारखान्यातून किंवा गोदामातून धूर, आग दिसली तर खिडकी, गच्ची, गॅलरी सोडा. मोबाइलवर चित्रण करत थांबू नका. मुलांना आतल्या खोलीत, काचेपासून दूर न्या. १०१ किंवा ११२ ला फोन करा. बाहेर पडायला सांगितले तर लगेच निघा.

• पहिला स्फोट झाला की बघायला धावू नका. दुसरा होऊ शकतो.

• उग्र वास आला, डोळे चुरचुरले तर वाऱ्याच्या दिशेला आडवे चालत बाहेर पडा.

• डोळ्यात काच घुसली असेल तर ती काढू नका, डोळा चोळू नका, धुऊ नका. वरून कागदी कप धरा आणि रुग्णालय गाठा.

• डोळ्यात रसायन उडाले असेल तर उलट करा: लगेच स्वच्छ पाण्याची धार धरा, किमान वीस मिनिटे.

• अंगावर रसायन पडले तर कपडे उतरवा, कोरडी पूड झटका, मग भरपूर पाणी ओता. भाजलेल्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद काही लावू नका.

• कानात सतत आवाज, ऐकू कमी येणे, धाप, खोकल्यातून रक्त, पोटदुखी यांपैकी काही असेल तर जखम नसली तरी दाखवा. गरोदर बाईला धक्का बसला असेल तर त्रास नसतानाही तपासून घ्या.

केसपेपर जपा

नोकरी सोडून वस्तीत काम करू लागलो तेव्हा आम्हाला दुसरी बाजू दिसली. गर्दीच्या दिवशी ज्याला दोन टाके घालून घरी पाठवले, त्याच्याजवळ अनेकदा कागद नसतो. कंत्राटी कामगाराचे नाव तर हजेरीतही नसते. महिन्याने ऐकू येत नाही म्हणून तो आला, की हे त्याच स्फोटाने झाले हे दाखवायचे कसे? म्हणून जखम लहान असली तरी नोंद करायला लावा. तारीख, वेळ, ठिकाण आणि ‘स्फोटामुळे’ हे शब्द केसपेपरवर आहेत ना, ते पाहा.

धोकादायक रसायनांच्या अपघातात आसपासच्या रहिवाशांना तातडीची मदत मिळावी म्हणून १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे. त्यात चूक कोणाची हे रहिवाशाला सिद्ध करावे लागत नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, अपघातापासून पाच वर्षांच्या आत करायचा असतो.

विचारण्याचा हक्क

भोपाळनंतर, १९८९ साली, धोकादायक रसायनांचे नियम आले. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त साठा असलेल्या कारखान्याने आसपासच्या लोकांना धोका कोणता आणि अपघात झाल्यास काय करायचे, हे आधी सांगायचे असते. कारखान्याबाहेरच्या परिसरासाठीही आपत्कालीन योजना हवी आणि तिची रंगीत तालीम वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. आपल्या वस्तीत अशी तालीम कधी झाल्याचे तुम्हाला आठवते का? आम्ही बैठकांत हा प्रश्न विचारतो, तेव्हा बहुतेक वेळा शांतताच असते.

येत्या १४ एप्रिलच्या तयारीला विहारात जमाल तेव्हा एक अर्जही लिहा. शेजारच्या कारखान्यात काय साठवले आहे, भोंगा कुठला वाजेल, पळायचे कुठे, जवळचे भाजलेल्यांचे रुग्णालय कोणते आणि तालीम कधी, हे पाच प्रश्न जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारा. महिला मंडळाच्या सह्या आधी घ्या. स्फोट दिवसा झाला तर घरात मुलांसोबत बहुधा त्याच असतात. अर्जाची पोच घ्या आणि उत्तर आले की ते विहाराच्या फलकावर लावा.