जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी

दिवाळीची साफसफाई निघाली की घरातल्या एका कोपऱ्यावरून वाद ठरलेला असतो. तिथे पांढऱ्याचा पिवळा झालेला एक कॉम्प्युटर असतो, त्यावर प्लास्टिकचं कव्हर असतं, कव्हरवर धूळ असते. आई विचारते, "याचं काय करायचं?" बाबा म्हणतात, "राहू दे, चालतो अजून." तो शेवटचा कधी चालला होता, हे मात्र कोणालाच आठवत नाही.

आमच्या रायपूरच्या चौबे कॉलोनीत, महाराष्ट्र मंडळाच्या आसपासच्या मराठी घरांत असे कॉम्प्युटर बरेच सापडतील. मुलं पुण्याला, बंगळूरला किंवा आणखी लांब गेली आणि त्यांचा कॉम्प्युटर मागे राहिला. त्याच्या किमतीकडे पाहू नका, त्याच्या पोटात काय आहे ते आठवा. क्लाउड वगैरे येण्याआधीचे मुंजीचे फोटो, आजोबांनी एका बोटाने टाइप केलेली वंशावळ, गणेशोत्सवातल्या नाटकाची संहिता, आजीच्या पाककृती. यातलं बरंचसं दुसरीकडे कुठेच नसतं. म्हणून कॉम्प्युटर दुरुस्त करायचा तो त्यावर पुन्हा काम करण्यासाठीच असं नाही. एकदा नीट सुरू होऊन त्यातला ऐवज बाहेर निघाला, तरी पुरे.

आणि "मेलेला" कॉम्प्युटर बऱ्याचदा मेलेला नसतोच.

बटण दाबलं, काहीच झालं नाही

सुरुवात भिंतीपासून करा. सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून वीज येते का ते बघा. मग एक्स्टेंशन बोर्ड, मग यूपीएस. घरगुती यूपीएसमधली बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं टिकते. तुमचा यूपीएस त्याहून जुना असेल तर त्याला बाजूला काढा आणि कॉम्प्युटरची वायर सरळ भिंतीत लावा. सुरू झाला तर दोषी कोण ते कळलंच. डब्याच्या मागे, जिथे वीज आत जाते तिथे, एक छोटं काळं बटण असतं. पुसताना ते बंद झालेलं असू शकतं, तेही बघा.

मॉनिटरवर "नो सिग्नल" असं येत असेल तर मॉनिटर ठीक आहे. त्याच्याकडे डब्यातून काही पोचत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. मागची केबल काढून पुन्हा घट्ट लावा.

पंखे फिरतात, दिवा लागतो, पण पडदा काळा राहतो किंवा बीप-बीप आवाज येतो, अशा वेळी पहिला संशय रॅमवर घ्या. हा इलाज देशातल्या प्रत्येक कॉम्प्युटर मेकॅनिकला ठाऊक आहे आणि तो घरी करता येतो. वायर भिंतीतून काढा. सुरू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावा, म्हणजे तुमच्या अंगावरची स्थिर वीज रॅमला इजा करणार नाही. बाजूची पत्री उघडा. दोन्ही टोकांच्या क्लिपा मागे करून रॅमची पट्टी बाहेर काढा. तिच्या सोनेरी कडेवर साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका आणि पट्टी "टक्" असा आवाज येईपर्यंत परत बसवा. त्या कडेवर वर्षानुवर्षांचा थर बसतो आणि संपर्क तुटतो. खोडरबराने तो निघतो, यात जादू काही नाही.

दोन वस्तू मात्र उघडू नका. एक म्हणजे वीज पुरवणारा तो लोखंडी चौकोनी ठोकळा, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात. दुसरी म्हणजे जुना, पाठीकडे फुगीर असलेला काचेचा मॉनिटर. वायर काढल्यावरही या दोन्हींत जिवावर बेतेल इतकी वीज शिल्लक राहू शकते.

तारीख मागे गेली की इंटरनेट का रुसतं?

कॉम्प्युटर सुरू होतो, इंटरनेट जोडलेलं असतं, पण कुठलीही वेबसाइट उघडली की "कनेक्शन सुरक्षित नाही" असं येतं. लोक इंटरनेटवाल्याला फोन लावतात. त्याआधी खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचा. तिथे कित्येक वर्षांपूर्वीचं साल असेल तर इंटरनेटवाल्याचा काही दोष नाही. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्याला मुदत असते. तुमचा कॉम्प्युटर स्वतःला जुन्या काळात समजतो, त्याच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून निघालेलंच नाही, म्हणून तो नकार देतो.

बिचाऱ्याचं घड्याळ चालतं ते मदरबोर्डवरच्या एका नाण्याएवढ्या सेलवर. सीआर २०३२ असं त्याचं नाव, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. लिहिलेली बाजू वर ठेवून बसवायचा. बदलण्याआधी सुरुवातीच्या सेटअपच्या पडद्यांचे मोबाइलने फोटो काढून ठेवा, कारण सेल काढल्यावर तिथल्या सेटिंग मूळपदावर जातात आणि क्वचित त्यामुळेच विंडोज सुरू होत नाही. फोटो असले की जुळवणं सोपं.

काळी धूळ आणि पाण्याचा कूलर

रायपुरात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. उरला आणि सिलतराच्या कारखान्यांकडून येणारी काळी पूड सकाळी गच्चीवर बोट फिरवलं तरी दिसते. तीच पूड पंख्यांबरोबर कॉम्प्युटरच्या आत जाते. त्यात आमचा मे महिना, पारा ४४-४५ अंशांवर. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर स्वतःला वाचवायला सगळंच बंद करतो. तुमचा कॉम्प्युटर दहा-पंधरा मिनिटं चालून अचानक बंद पडत असेल आणि पंखा विमानासारखा ओरडत असेल, तर व्हायरस शोधत बसण्याआधी डबा उघडा.

सफाई बाल्कनीत करा, नाहीतर सगळी धूळ घरात. रंगाचा कोरडा, मऊ ब्रश घ्या. ब्लोअर वापरत असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोताने ते भलत्या वेगाने फिरून खराब होऊ शकतं. ओलं फडकं आत नेऊ नका. प्रोसेसर आणि त्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये एक लेप असतो, थर्मल पेस्ट. काही वर्षांनी तो वाळतो. हे काम हात बसला नसेल तर मेकॅनिककडूनच करून घ्या. जयस्तंभ चौकाजवळच्या रवि भवनात नेलं तरी चालेल, फक्त आत मौल्यवान फाइली असतील तर आधी पुढचा भाग वाचा.

आणि हो, कूलर. उन्हाळ्यात आपण कॉम्प्युटरलाही गार वाटावं म्हणून कूलरचा झोत त्याच्यावर सोडतो. ती हवा ओली असते. ओल आणि ही काळी पूड एकत्र आली की आत चिखलाचा थर बसतो. कॉम्प्युटर झोतापासून दूर आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

डबा उघडलाच आहे तर मदरबोर्डवर उभे असलेले छोटे छोटे पिंपासारखे भाग पाहा. त्यांची डोकी सपाट हवीत. फुगलेली किंवा तपकिरी रस गळालेली दिसली तर तो मदरबोर्ड थकला. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या कॉम्प्युटरांत हा आजार फार होता. तिथे पैसे घालू नका, हार्डडिस्क तेवढी काढून घ्या.

सुरू झाला? आधी कॉपी करा

विंडोज अपडेट नको, अँटिव्हायरस नको, गेमही नको. आधी एक्स्टर्नल हार्डडिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह लावा आणि फाइली घ्या. "माय डॉक्युमेंट्स"वर थांबू नका. आपल्या घरांत निम्म्या फाइली डेस्कटॉपवर आणि उरलेल्या डी ड्राइव्हमध्ये "न्यू फोल्डर" नावाच्या फोल्डरात असतात. कपाटातल्या जुन्या सीडीही याच वेळी घाला. घरी लिहिलेल्या सीडी काळाने खराब होतात आणि आजच्या लॅपटॉपांत त्या घालायला जागाच नसते.

हार्डडिस्कमधून "कट्-कट्" असा ठोका ऐकू आला तर लगेच बंद करा. पुन्हा सुरू करून बघायचा मोह टाळा, कारण प्रत्येक वेळी डिस्कच्या पृष्ठभागावर आणखी ओरखडे पडू शकतात. अशी डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच द्यायची. कॉम्प्युटर मेला पण डिस्क धड आहे, असं असेल तर काम सोपं. डिस्क बाहेर काढा, एक अडॅप्टर घ्या आणि यूएसबीने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. डिस्कला रुंद, चपटी, रिबनसारखी वायर असेल तर ती आयडीई जातीची, बारीक वायर असेल तर साटा. अडॅप्टर घेताना दुकानदाराला एवढं सांगितलं की पुरतं.

आता मराठी घरांचा खास प्रश्न, आणि माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित. फाइल मिळते, उघडते, पण आत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा, पाउंडाच्या खुणांचा आणि टोप्या घातलेल्या स्वरांचा गोंधळ दिसतो. मंडळी समजतात फाइल बिघडली आणि डिलीट करून टाकतात. फाइल बिघडलेली नसते. युनिकोड घरोघरी पोचण्याआधी आपण श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करत होतो. त्यांत कॉम्प्युटरच्या लेखी साठवली जात ती इंग्रजी अक्षरांचीच खूण, फक्त फॉन्ट तिच्या जागी "क" किंवा वेलांटी काढून दाखवायचा. फॉन्ट गेला की चित्र गेलं, खूण मागे राहिली.

म्हणून फाइलींबरोबर फॉन्टही उचला. सी ड्राइव्ह, मग विंडोज, मग फॉन्ट्स. तिथे "श्री-देव" आणि पुढे आकडे, किंवा नावात "सुरेख", "योगेश" असलेले फॉन्ट दिसतील, ते सगळे कॉपी करा. नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट टाकला की वंशावळ पुन्हा वाचता येते. त्याहून पक्कं म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर मजकूर नीट दिसतो, तिथूनच पीडीएफ काढा. जुन्या विंडोज एक्सपीवर ती सोय नसेल तर सरळ प्रिंट काढा आणि मोबाइलने स्कॅन करा. मंडळाची जुनी स्मरणिका पेजमेकरमध्ये केलेली असेल तर हे आजच करा, पेजमेकरच्या फाइली आजच्या सॉफ्टवेअरांत उघडणं कठीण.

युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण फॉन्ट कोणता ते बरोबर सांगावं लागतं. आपल्या रायपुरात हिंदीसाठी कृतिदेवचा सुळसुळाट, त्यामुळे टायपिंगवाला सवयीने कृतिदेवचा कन्व्हर्टर लावतो आणि श्री-लिपीतल्या मराठीचं भरीत होतं. बरोबर कन्व्हर्टर लावला तरी वाचून तपासा. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि "ऱ्या"सारखी अक्षरं हमखास घसरतात. आजीने लिहिलेल्या "दोन चमचे"चं "तीन" होणार नाही, पण आडनावाचा रफार उडू शकतो.

पुढे वापरायचा असेल तर

ऐवज बाहेर निघाला की मग वेगाचा विचार. नुसता हळू चालणारा, पण धडधाकट कॉम्प्युटर असेल तर जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवणं हा सर्वांत गुणकारी खर्च. रॅम वाढवणं त्यानंतर. घेताना डीडीआर २ की डीडीआर ३ हे पट्टीवर वाचून जा, एकाच्या खाचेत दुसरी बसत नाही. सी ड्राइव्ह गच्च भरली असेल आणि दोन-दोन अँटिव्हायरस एकमेकांशी भांडत असतील, तर त्यातला एक काढणं फुकट आहे.

विंडोजचं मात्र स्पष्ट सांगते. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ला संपला, विंडोज ७चा १४ जानेवारी २०२०ला, विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ला. विंडोज १०साठी नोंदणी करणाऱ्यांना सुरक्षेचे अपडेट एक वर्ष जास्त, एवढीच सवलत. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, ती जुन्यांत बहुधा नसते. अशा कॉम्प्युटरवर बँकेचं काम करू नका. फोटो बघा, गाणी ऐका, नातवंडांना टायपिंग शिकवा. इंटरनेट हवंच असेल तर लिनक्स मिंट टाकून घ्या. ते फुकट आहे, ४ जीबी रॅमवर बरं चालतं, मराठीही दिसते.

जुन्या कॉम्प्युटरवर आणखी एक प्रकार होतो. अचानक पूर्ण पडदा लाल किंवा निळा होतो, सायरन वाजतो आणि "मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा" असं येतं. तो नंबर चोरांचा असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. आई-बाबांना एवढंच शिकवून ठेवा: फोन लावायचा नाही, ऑल्ट आणि एफ ४ दाबायचं, नाहीच बंद झालं तर पॉवरचं बटण दाबून धरायचं. पैसे गेलेच तर लगेच १९३०.

आणि शेवटी भंगारातच द्यायचा ठरला, तरी अख्खा देऊ नका. डिलीट केलेल्या फाइली डिस्कवरून परत काढता येतात, आणि त्यात तुमच्या पॅनकार्डाच्या स्कॅनपासून बँकेच्या कागदांपर्यंत सगळं असतं. हार्डडिस्क साधारण चार स्क्रूंवर बसलेली असते. ती काढून घ्या, बाकीचा डबा ई-कचरा घेणाऱ्याला द्या. डिस्क कपाटात ठेवताना तिच्यावर चिठ्ठी चिकटवा: कोणाचा कॉम्प्युटर, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, आणि आतल्या मराठी फाइलींचा फॉन्ट कोणता.